विदरबी वकिलाची अडीच पानं

पालघर, १९ जून १९६६

चि. भानू यास आक्काचे आशीर्वाद.

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं. तीन पानांचं, आणि त्यात माझ्या गुडघ्यांची चौकशी चार वेळा. गुडघे ठीक आहेत. पण भाऊ एकदम इतका गोड लिहायला लागला की बसण्याआधी पाट हलवून बघावासा वाटतो. इथलं बिऱ्हाड मोडून तू ठाण्याला वकिली करायला गेलास ते मला शेजारणीकडून कळलं, आणि गेल्या महिन्यात सातपाटीला येऊन गेलास ते मासळीवाल्या साखरबाईकडून. "तुमचा भाव आलता बाय सोसायटीत," ती म्हणाली. "भाषण केलं, पापलेट घेतलं नि गेला. तुमच्याकडं नाय आला?" मी म्हटलं, आला होता की. त्या दिवशी मी तिच्याकडून मासळी घेतली नाही, उगाचच.

फेब्रुवारीच्या निवडणुकीला तू उभा राहणार, हे दुसऱ्या पानाच्या तळाशी. तिसऱ्या पानावर पुस्तक. ते माझ्याकडे आहे हे तुला कोणी सांगितलं, ते आधी कळव. मी आठवड्यातून दोनदा तारापूरच्या वसाहतीत मिसेस विदरबींना मराठी शिकवायला जाते, शाळेची परवानगी काढून. त्यांचे यजमान अणुवीज केंद्राच्या बांधकामावर इंजिनिअर आहेत. दोन महिने झाले तरी बाई भेंडीला 'बेंडी' म्हणतात, पण जीव लावतात. यजमानांचे पणजोबा अमोस विदरबी गेल्या शतकात अमेरिकेतले नामांकित वकील आणि पुढारी होते. त्यांचं चरित्र घराण्याने छापून घेतलंय, ते बाईंनी मला वाचायला दिलं. एवढंच. ही गोष्ट शाळेतल्या दोघींना सोडून कोणाला माहीत नव्हती.

आता तू म्हणतोस की मी त्याचं मराठी करावं, प्रस्तावना तू लिहिशील आणि निवडणुकीआधी पुस्तक गावोगाव पोचेल. 'रानातल्या माणसांचा वकील' हे नावही तू ठरवून टाकलंस. पुस्तक न वाचता नाव ठरवणारा तू पहिलाच.

तरी करते. माणूस मला आवडायला लागलाय. कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. हाताला येणाऱ्या वासामुळे शाळेत त्याच्याजवळ कोणी बसत नसे. कायदा शिकला तो एका न्यायाधीशाच्या घरी दस्तऐवजांच्या नकला करता करता. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पहिला खटला एका डुकराचा, दोन शेजारी ते आपलं म्हणत होते. विदरबीने ते डुक्कर कोर्टाच्या आवारात सोडायला लावलं, आणि ते सरळ त्याच्या अशिलाच्या गाडीखाली जाऊन झोपलं. हे वाचून मी एकटीच हसले, आणि मला तुझा पहिला खटला आठवला. चिंधूचा. बोईसरच्या रस्त्यावरची ती दोन एकर, जी तो आणि त्याचा बाप कूळ म्हणून कसत आले, ती तू त्याच्या नावावर करून दिलीस. निकालाच्या दिवशी सगळा पाडा आपल्या दारात बसला होता आणि भागीने, त्याच्या बायकोने, तुला कडू वालाच्या शेंगा आणून दिल्या होत्या. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुस्तक कसं कळलं, ते लिही.

आक्का


पालघर, ७ ऑगस्ट १९६६

चि. भानू यास आशीर्वाद.

तीन प्रकरणं सोबत पाठवते. पुस्तकाचं कोणी सांगितलं, ते तू लिहिलं नाहीस. राहू दे, मी विसरलेले नाही.

विदरबी आता घोड्यावर बसून गावोगाव कोर्टामागे फिरतोय. तिकडे न्यायाधीशच फिरत असे आणि वकील त्याच्या मागोमाग. एका खोलीत, एका पलंगावर दोन-दोन वकील झोपत, मग सकाळी एकमेकांविरुद्ध भांडत. पुढे तो प्रांताच्या विधिमंडळात गेला, मग सिनेटर झाला. गुलामगिरीविरुद्ध त्याने केलेलं भाषण सातव्या प्रकरणात सबंध दिलंय. ते मी मुलींना वर्गात वाचून दाखवलं, अर्धं झाल्यावर वर्गातल्या उषाला पुढे वाचायला लावलं. तेव्हा तिकडे असं बोलणाऱ्याचं घर जाळत. याचंही जाळलं. तरी तो पुन्हा बोलला.

आता एक खटकलेली गोष्ट. पुस्तकात त्याच्या घोड्यावर बारा पानं आहेत. निवडणुकांवर चाळीस. पण पाचवं प्रकरण, ज्यात तो सिनेटर होण्याआधी नदीकाठच्या मूळ रहिवाशांचा वकील होता, ते अवघं अडीच पानांचं. तू ठरवलेलं पुस्तकाचं नाव तर ह्याच प्रकरणावरून आलेलं दिसतं. त्या लोकांच्या वतीने तो एका जमीनदाराशी भांडला आणि जिंकला. पुढे तीन ओळींत एवढंच, की त्यांनी त्याला एक कागद करून दिला, खाली आपापल्या कुळाचं चित्र काढलं, कोणी कासव, कोणी बगळा, आणि 'यथावकाश उभयपक्षी समाधानाने' ते लोक पश्चिमेकडे निघून गेले. समाधानाने माणसं नदी सोडून जातात का?

त्या कागदाला इंग्रजीत 'पॉवर ऑफ अटर्नी' म्हटलंय. अटर्नी म्हणजे वकील, कोशात तसंच आहे. म्हणून मी सरळ 'वकीलपत्र' लिहिलंय. बरोबर आहे ना?

काल चिंधू शाळेत आला होता. मधल्या सुट्टीपर्यंत फाटकाशी उभा राहिला, आत येईना. त्याच्या बांधावर मोजणीवाले येऊन साखळी टाकून गेले, दगडांना चुना लावून गेले. भागीने विचारलं तर म्हणाले, मालकाच्या माणसाला विचार. "बाय, मालक तर मीच हाय ना?" तो म्हणाला. "वकिलानं केस जितली तवा कागद झाला ना माझ्या नावचा? मंग मालकाचा मानूस कोन?" त्याला मी म्हटलं, मोजणी सगळीकडेच चालली आहे, केंद्र आलंय, रस्ता रुंद होईल. पण मलाच ते पटलं नाही. त्या रस्त्याला आता कारखान्यांसाठी जागा शोधत मोटारी फिरतात, हे तुला माहीतच असेल.

चौसष्ट साली, निकालानंतर, तू त्याच्याकडून आणखी एक कागद करून घेतला होतास असं तो म्हणतो. अपिलासाठी असेल. मला काही आठवत नाही. त्या दिवशी मी तुझ्या कचेरीत होते की नव्हते, तेही आठवत नाही.

आक्का


ठाणे, १८ ऑगस्ट १९६६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

प्रकरणं मिळाली. भाषा फार सुरेख उतरली आहे. एक दुरुस्ती मात्र अवश्य कर. 'पॉवर ऑफ अटर्नी' म्हणजे वकीलपत्र नव्हे. वकीलपत्राने वकील कोर्टात अशिलातर्फे बोलतो, त्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. हा कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र. ते ज्याला दिलं तो तुमच्या जागी उभा राहतो. त्याची सही ती तुमची सही. तो तुमची मिळकत विकूसुद्धा शकतो. शिकलेले लोकही ह्यात गफलत करतात, म्हणून सविस्तर लिहिलं.

पाचवं प्रकरण लहानच आहे, ते गाळलं तरी चालेल. चिंधूचं मी बघतो. त्याला तुझ्या शाळेत हेलपाटे घालू देऊ नकोस, मुख्याध्यापिकांना ते आवडणार नाही. दिवाळीत भेटू.

तुझा,
चंद्रभान


पालघर, भाऊबीजेचा दुसरा दिवस, नोव्हेंबर १९६६

रा. रा. चंद्रभान वकील यांस,

काल ताट मांडून बसले नव्हते. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तरी दुपारी फाटक वाजलं तेव्हा उठले. पोस्टमन होता.

तुझी दुरुस्ती वाचून मी जवळजवळ तीन महिने गप्प राहिले. तू मला एवढं मन लावून समजावलंस की मला भीती वाटली. एका भाषांतरातल्या शब्दासाठी कोणी इतकं लिहीत नाही. मला वाटलं तू पुस्तकाबद्दल लिहीतच नाहीस. तुझ्या मनात कुठला तरी दुसरा कागद होता आणि त्याचं नाव तुला पाठ होतं.

सुट्टी लागल्याबरोबर चिंधूला घेऊन बोईसरला तलाठ्याकडे गेले. त्याने सांगितलं की ती दोन एकर विकायची परवानगी मागणारा अर्ज डहाणूला प्रांतसाहेबांकडे पडलाय. कूळकायद्याने मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे मला तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी डहाणू गाठलं. चिंधूच्या अंगठ्याने नक्कल मागितली, ती चार दिवसांनी मिळाली. मुंबईच्या कुठल्याशा कारखानदाराला तू विक्रीच्या कराराचं साठेखत करून दिलंयस, चिंधूच्या जागी उभा राहून. आणि अर्जाला तो चौसष्टचा कागद जोडलाय. कुलमुखत्यारपत्र. पाचव्या पानावर चिंधूचा अंगठा, त्याच्याखाली साक्षीदार: नर्मदा, शिक्षिका, पालघर.

सही माझी आहे. मी तुला खोटं लिहिलं होतं, मला सगळं आठवतं.

शुक्रवार होता, बाजाराचा. मी शाळेतून येताना तुझा डबा घेऊन आले होते. चिंधू खाली बसला होता, तू त्याला वर बस म्हणालास, तो बसला नाही. तू माझ्यापुढे शेवटचं पान सरकवलंस आणि म्हणालास, आक्का, इथे. मी मुलींना सांगते की शाळेचा दाखलासुद्धा दोनदा वाचून मग सही करा. मी एकदाही वाचलं नाही. डबा गार होत होता. सही झाल्यावर चिंधूने माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, कसला कागद?" तू टाकाला शाई भरत होतास. काही बोलला नाहीस. मीच म्हटलं, "वकीलपत्र आहे रे, मागच्यासारखंच." मग त्याने अंगठा दिला.

गेले आठ दिवस मी आठवून पाहतेय की तू तोंडाने काय म्हणालास. तू काहीच म्हणाला नाहीस, भानू. ते नाव तुझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. खोटं बोलले ती मी, आणि ते तू माझ्याकडून बोलवून घेतलंस. मी डबा घेऊन येणार हे तुला ठाऊक होतं. मी कुठला शब्द वापरीन हेही ठाऊक होतं, कारण मला तो एकच येतो.

मिसेस विदरबींना मी पाचव्या प्रकरणाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या घराण्याचं घर त्याच जमिनीवर आहे. समोर तळं आहे आणि त्याला त्या लोकांच्या म्होरक्याचं नाव दिलंय. तो कागद त्या लोकांना कोणी समजावून सांगितला, असं मी विचारलं. त्यांनी पुस्तक उघडून तळटीप दाखवली. मी ती नीट वाचलीच नव्हती. दुभाषी म्हणून मिशनच्या शाळेतली एक मास्तरीण होती. तिचं नाव दिलेलं नाही.

तो माणूस ढोंगी नव्हता, हेच मला जड जातं. घर जळलं तरी तो पुन्हा बोलला, ते खरंच. तूसुद्धा जमीनदाराविरुद्ध उन्हातान्हात हिंडलास ते खरंच. मग कुठल्या दिवशी तू ठरवलंस? शेंगा घेतल्यास त्या दिवशी, की नंतर?

मुखत्यारपत्र चिंधूने रद्द केलंय, नोटीस तुला मिळाली असेल. साठेखत मात्र आधीच झालेलं, त्यामुळे प्रांतसाहेबांनी परवानगी दिली तर जमीन जाईल. ११ जानेवारीला सुनावणी आहे.

नर्मदा


पालघर, १८ डिसेंबर १९६६

चंद्रभान यास,

तुझा कारकून झुंबर येऊन गेला. पेढे आणले होते. टाइप केलेला कागद होता: 'सदर मुखत्यारपत्र मी चिंधू यास वाचून दाखवले व त्यास ते नीट समजले.' खाली माझं नाव, सहीला जागा सोडलेली. ह्या वेळी मी पहिल्यापासून वाचला, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या लाल शाईने दुरुस्त करून परत दिला. सही केली नाही.

मग तो म्हणाला, "बाई, साहेबांचा निरोप आहे. खोटी साक्ष केली असं तुम्ही स्वतःच सांगितलं तर शाळा तुम्हाला ठेवील का, याचा विचार करा." हे तू त्याला सांगायला लावलंस, की त्याने पदरचं घातलं? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि वाक्य कोणाचं ते मला ओळखता येईना. पूर्वी तुझं वाक्य मला शंभरांत ओळखू येत असे.

विचार केला. शाळेवाचून मला कोणी नाही, हे तुला माहीत आहे. मला भीती वाटते, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल आक्का मोठी शूर झाली.

भाषांतर पुरं होत आलंय. ते तुला छापायला मिळणार नाही. पेढे झुंबरबरोबर परत पाठवलेत, मोजून घे, त्याच्यावरही माझा विश्वास नाही.

नर्मदा


पालघर, १२ जानेवारी १९६७

भानू,

काल तू येशील असं मला वाटलं होतं. डहाणू स्टेशनावर उतरल्यापासून मी प्रत्येक काळ्या कोटाकडे बघत होते. तू प्रचाराला वाडा तालुक्यात होतास, तुझा ज्युनिअर आला. कोवळा पोरगा आहे, मला बसायला त्याने स्वतःची खुर्ची दिली. मी कोण हे बहुधा त्याला सांगितलं नव्हतंस. काय झालं ते त्याच्याकडून कळलंच असेल, पण तो ते त्याच्या परीने सांगेल, म्हणून मी लिहिते.

चिंधू आणि भागी पहाटे पाड्यावरून चालत निघून बोईसरला गाडीत बसले. त्याने धुतलेला सदरा घातला होता आणि तो सारखा गळ्याशी चाचपत होता. प्रांतसाहेबांनी त्याला विचारलं, जमीन विकायची आहे का?

"नाय साहेब. भात कुठं लावू मंग?"

"मग या कागदावर अंगठा का दिलास?"

"वकीलपत्र हाय म्हनून दिला."

"वकीलपत्र आहे असं तुला कोणी सांगितलं?"

चिंधूने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्या मागेच बसले होते, पाच हातांवर. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "कुनी नाय सांगला साहेब. मलाच तसा वाटला."

तुझा ज्युनिअर लगेच उठला. बरोबरच आहे, त्याचं ते कामच. म्हणाला, "साहेब, नोंद व्हावी. कोणीही दिशाभूल केलेली नाही, स्वतः तक्रारदारच कबूल करतो." साहेबांनी लेखणी उचलली. भागी माझ्या शेजारी बसली होती. तिने पदर तोंडात धरला, पण माझं नाव घेतलं नाही. रागावून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दोघांनी येताना गाडीत ठरवलं असावं. आपली दोन एकर जाऊ देत होते ती माणसं, मास्तरणीची नोकरी राहावी म्हणून. माझं कोणी नाही असं मी तुला गेल्या पत्रात लिहिलं होतं, त्याची मला तिथे बसून लाज वाटली.

मी उभी राहिले. मला बोलावलं नव्हतं, साहेब म्हणाले थांबा. मी म्हटलं, थांबता येत नाही, तुम्ही लिहायला लागलात. मग त्यांनी मला पुढे घेतलं, शपथ दिली. मी सांगितलं की साक्षीची सही माझी, कागद मी वाचला नव्हता, आणि चिंधूने विचारलं तेव्हा वकीलपत्र असं मीच सांगितलं. त्याने माझ्या शब्दावर अंगठा दिला. तुझ्या ज्युनिअरने विचारलं, "म्हणजे माझ्या अशिलांनी काही सांगितलं नाही?" मी म्हटलं, "नाही. ते गप्प बसले. त्यांना दोन्ही शब्द येत होते." तो खाली बसला.

परवानगी नामंजूर झाली. हुकूम लेखी मिळेल. चिंधूला ते लगेच कळलं नाही, साहेबांनी त्याला दोनदा सांगितलं की जमीन तुझीच. मग त्याने भागीला विचारलं, ऐकलंस का, आणि दोघं तिथेच जमिनीवर बसली.

आज मुख्याध्यापिकांनी खुलासा मागितलाय, आठ दिवसांत द्यायचा. बघू. तुझ्या निवडणुकीचं काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि मला त्यात सुख नाही, हे तू मानणार नाहीस. जूनपासून मी तुझ्या प्रत्येक शब्दाला शिवणकामासारखं उलटून पाहिलं. तूही आता माझ्या शब्दांना तसंच पाहशील, तो तुझा हक्क आहे.

एक गोष्ट मात्र ज्युनिअर तुला सांगणार नाही, कारण तेव्हा तो बाहेर चहाला गेला होता. जबानीवर सही घेण्याआधी प्रांतकचेरीच्या कारकुनाने रकाने भरायला घेतले. विचारलं, अर्जदार वकिलांशी तुमचं नातं? मी म्हटलं, सख्खा भाऊ. त्याने मान वर करून पाहिलं, चष्मा सारखा केला. मग पुढचा रकाना वाचला: साक्षीदाराचं त्यांच्याशी काही वैर?

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?" त्याने विचारलं. "शपथेवर आहात बाई."

मी पुन्हा नाही म्हटलं, आणि त्याने ते लिहून घेतलं.

आक्का